मावळातील पर्यटक आणि शेतकऱ्याचे उत्पन्न

पिंपरीच्या संत तुकाराम नगरात मार्च २०२२ मध्ये मेट्रोचे स्थानक सुरू झाले. जवळच वल्लभनगरचे एस. टी. स्थानक आहे आणि पिंपरीहून लोणावळ्याकडे जाणारी लोकल कामशेत व मळवली येथे थांबते. आठवडाभर कारखान्यात राबणारा येथील कामगार सुट्टीच्या दिवशी सकाळी निघाला, तर दुपारपूर्वीच मावळाच्या भातखाचरांपाशी पोहोचतो. लोहगड, भाजे व कार्ले येथील लेणी आणि पवनेचे धरण ही त्याची नेहमीची ठिकाणे होत. जुलै २०२५ मध्ये युनेस्कोने मराठ्यांच्या १२ किल्ल्यांची जागतिक वारसा यादीत नोंद केली. त्यांत लोहगड असल्याने हा ओघ पुढे वाढण्याचाच संभव आहे.

ह्या ओघापासून मावळच्या शेतकऱ्यास काय लाभ होतो, हा खरा प्रश्न आहे. पर्यटक घरूनच डबा आणतो, बांधावरून चालतो, रिकाम्या बाटल्या टाकतो व सायंकाळी परत जातो. गावाच्या वाट्यास कचरा, तुटलेले बांध व अडलेला रस्ता येतो. केवळ गर्दी म्हणजे उत्पन्न नव्हे, हे प्रथम ध्यानी घेतले पाहिजे. येणाऱ्या माणसांची संख्या, त्यांची वेळ व त्यांचा खर्च ह्या तिन्हींवर गावाचे नियंत्रण असेल, तरच पर्यटन हा गावाचा जोडधंदा ठरतो.

गावाची क्षमता

नियंत्रण नसल्यास काय घडते, ह्याचा कटू अनुभव ह्याच तालुक्याने घेतला आहे. ३० जून २०२४ रोजी लोणावळ्याच्या भुशी धरणाजवळ पाण्याचा लोंढा येऊन एकाच कुटुंबातील ५ जण वाहून गेले. पुढील वर्षी १५ जून रोजी, रविवारी, कुंडमळा येथील इंद्रायणीवरचा जुना लोखंडी पूल पर्यटकांच्या गर्दीत कोसळून चौघे मृत्युमुखी पडले व अनेक जण जखमी झाले. नुसती सूचनेची पाटी पुरत नाही. धोक्याच्या जागी माणूस उभा करणे अगत्याचे आहे. पावसाळ्यातील सुट्टीच्या दिवशी पूल, ओढा व धबधबा येथे कोणी उभे राहावयाचे, हे ग्रामपंचायतीने पोलीस व महसूल खात्याच्या सहकार्याने पावसापूर्वीच ठरवावे.

गावास किती पर्यटक पेलतील, ह्याचा हिशेब अवघड नाही. वाहने उभी करण्याची जागा, पिण्याचे पाणी, शौचालये व जेवणाची सोय ह्यांची क्षमता वेगवेगळी मांडावी. उदाहरणार्थ, एखाद्या गावी ४० गाड्यांची जागा असून गाडीमागे ४ माणसे धरली, तर १६० माणसांची सोय झाली. परंतु शौचालये १०० माणसांनाच पुरत असतील, तर त्या गावाची क्षमता १०० च होय. जी सोय सर्वांत तोकडी, तीच गावाची मर्यादा. हा आकडा ग्रामसभेत मंजूर करून गावाच्या वेशीवर लावावा, आणि तो वाढवावयाचा असल्यास प्रथम तोकडी सोय वाढवावी.

हंगामाची सांगड

मावळात सर्वाधिक गर्दी जून ते सप्टेंबर ह्या काळात होते. नेमक्या ह्याच काळात भाताची रोपे तयार होतात, चिखलणी व लावणी होते आणि घरातील एकही हात मोकळा नसतो. सबब लावणीच्या पंधरवड्यात पर्यटकांसाठी नवे काम अंगावर घेऊ नये. लावणी दाखवावयाचीच असेल, तर एकच खाचर त्यासाठी राखावे, तेथवर जाणारी एकच वाट आखावी व इतर बांधांवर कोणास चढू देऊ नये. बांध फुटला की खाचरातील पाणी व खत दोन्ही वाहून जातात.

गर्दी वारांतही विभागता येते. भोसरी-पिंपरी भागातील अनेक कारखान्यांची साप्ताहिक सुट्टी गुरुवारी असते. ह्या कामगारांच्या गटांना आगाऊ नोंदणी करून गुरुवारी बोलाविल्यास रविवारचा भार कमी होईल.

माल गावातच विकावा

मावळाची खरी संपत्ती म्हणजे येथील तांदूळ. वडगाव मावळ येथील भात संशोधन केंद्राने निर्माण केलेला, सुवासिक व किंचित चिकट असा इंद्रायणी तांदूळ पिंपरी-चिंचवडच्या घराघरांत आवडीने खाल्ला जातो. तरीही पुष्कळ शेतकरी कापणी होताच भात व्यापाऱ्यास देऊन मोकळे होतात. १०० किलो भात भरडला असता सर्वसाधारणपणे ६५ किलोच्या आसपास तांदूळ मिळतो. शिवाय कोंडा जनावरांस उपयोगी पडतो. भरडाई, निवडणे व पिशव्या ह्यांचा खर्च वजा करून दोन्ही मार्गांनी काय पदरी पडते, हे प्रत्येकाने कागदावर मांडून पाहावे. गावातील महिला बचत गटाने ५ किलोच्या पिशव्या भरून त्यांवर वाण, गाव व कापणीचे वर्ष लिहिले, तर एकदा आलेला पर्यटक पुढील वर्षी गिऱ्हाईक म्हणून परत येतो.

लाभ चार-दोन घरांपुरता राहू नये, ह्यासाठी सातारा जिल्ह्यातील भिलार गावाचे उदाहरण विचारात घेण्याजोगे आहे. स्ट्रॉबेरी पिकविणाऱ्या ह्या गावात मे २०१७ मध्ये ‘पुस्तकांचे गाव’ सुरू झाले, तेव्हा सुमारे २५ ठिकाणी, त्यांतही बहुतांशी लोकांच्या घरांतच, पुस्तके ठेवण्यात आली. त्यामुळे येणारा वाचक एकाच ठिकाणी न थांबता गावभर फिरतो.

शेती मुख्य, पर्यटन जोडधंदा

महाराष्ट्र शासनाने २०२० मध्ये कृषी पर्यटन धोरण मंजूर केले. त्यानुसार वैयक्तिक शेतकऱ्यास तसेच सहकारी संस्थांस पर्यटन संचालनालयाकडे केंद्राची नोंदणी करता येते. खोल्या बांधण्यापूर्वी अटी नीट समजून घ्याव्यात. कर्ज आधी व चौकशी मागाहून, असे होऊ देऊ नये. इटली देशाने १९८५ मध्येच ह्या विषयावर कायदा केला आणि शेती हाच मुख्य व्यवसाय राहिला पाहिजे, अशी अट घातली. ती अट आपणही पाळण्याजोगी आहे. कारण खाचर विकून तेथे उपाहारगृह झाले, तर जे पाहावयास पर्यटक येतो तेच नाहीसे होते, आणि जमिनीचा धनी त्याच जागी नोकर म्हणून उभा राहतो.

ग्रामपातळीवरील कार्यकर्त्यांनी यंदा आपल्या गावी तीन गोष्टी करवून घ्याव्यात : धोक्याच्या जागांची यादी, गावाच्या क्षमतेचा आकडा आणि तांदूळ विकणाऱ्या घरांची नोंद. ह्या तीन कागदांस पैसा फारसा लागत नाही. ते पाऊस पडण्यापूर्वी तयार झाले, तर येणाऱ्या पर्यटकाचा आनंद व शेतकऱ्याचे हित ही दोन्ही साधतील.