परिचर्येच्या वाटेवर कृतज्ञतेची शिदोरी

अहिल्यानगर, प्रतिनिधी - ‘‘नीटमध्ये गुण कमी पडले, म्हणून आता नर्सिंग,’’ हे वाक्य बारावीच्या निकालानंतर अनेक घरांत ऐकू येते. परिचारिका होण्याच्या तयारीचा आरंभच असा हुकलेल्या संधीच्या हिशेबाने झाला, की अभ्यासातील उमेद टिकणे कठीण होते. पाथर्डी, जामखेडसारख्या तालुक्यांत आणखी एक अडचण असते. आई-वडील ऊसतोडणीसाठी कित्येक महिने परगावी असतात आणि मुलगी मागे राहून घर व भावंडे सांभाळत अभ्यास करते. अशा मुलीला ‘कृतज्ञ राहा’ हा उपदेश कोरडा वाटला, तर नवल नाही. तथापि कृतज्ञतेचा नेमका अर्थ उमगल्यास तीच उमेद टिकवणारी सवय ठरू शकते.

जामखेडचा धडा

हा अर्थ शोधण्यासाठी दूर जावे लागत नाही. डॉ. रजनीकांत आणि डॉ. मेबल आरोळे या दाम्पत्याने १९७० मध्ये जामखेड येथे ग्रामीण आरोग्य प्रकल्प सुरू केला. या कार्यासाठी दोघांना १९७९ मध्ये मॅगसेसे पुरस्कार मिळाला. गावातीलच स्त्रियांना आरोग्यसेविका म्हणून तयार करणे हा प्रकल्पाचा कणा होता. त्यांतील अनेकजणी निरक्षर होत्या. केंद्रात येऊन थोडे शिकायचे, गावी जाऊन ते वापरायचे, इतरांना सांगायचे आणि अडलेले प्रश्न घेऊन पुन्हा यायचे, ही त्यांची शिकण्याची रीत होती.

यांपैकी मुक्ताबाई पोळ यांनी १९८८ मध्ये वॉशिंग्टन येथील परिषदेत दिलेला दृष्टान्त प्रसिद्ध आहे. सभागृहातील झुंबरे देखणी असली, तरी महाग आणि सामान्यांच्या आवाक्याबाहेरची असतात; पणती साधी व स्वस्त असते आणि एका पणतीने दुसरी पेटवता येते, असा त्याचा आशय होता. या सेविका औपचारिक अर्थाने परिचारिका नव्हत्या. परंतु मिळालेला उजेड पुढे देणे म्हणजेच कृतज्ञता, हा त्यांचा धडा परिचर्येच्या प्रत्येक विद्यार्थिनीला लागू पडतो.

ओझे नव्हे, आधार

‘घरच्यांनी तुझ्यासाठी इतके केले, आता नापास होऊ नकोस,’ या बोलण्यातून कृतज्ञता निर्माण होत नाही, तर दडपण वाढते. उपकाराच्या ओझ्याने भीती वाटते. कृतज्ञतेने आपण एकटे नाही, ही जाणीव होते. हा फरक पालकांनीही ध्यानात घ्यावा. तसेच कृतज्ञ असणे म्हणजे गैरप्रकार निमूटपणे सोसणे नव्हे. प्रवेशापूर्वी संस्थेच्या मान्यतेची खातरजमा करणे आणि भरलेल्या शुल्काची पावती मागणे हा विद्यार्थिनीचा हक्कच आहे.

मानसशास्त्रज्ञ रॉबर्ट एमन्स व मायकेल मॅक्कलो यांनी २००३ मध्ये आपल्या प्रयोगांचे निष्कर्ष प्रसिद्ध केले. त्यांतील एका प्रयोगात, दर आठवड्याला आपल्याला लाभलेल्या चांगल्या गोष्टींची नोंद करणाऱ्यांना, कटकटींची यादी करणाऱ्यांपेक्षा आयुष्याविषयी अधिक समाधान वाटले. यामुळे परीक्षेतील गुण वाढतात, असे मात्र त्यावरून म्हणता येणार नाही. गुणांसाठी अभ्यासच करावा लागतो. त्यासाठी बसण्याचे बळ या सवयीतून मिळू शकते.

वहीचे शेवटचे पान

वहीच्या शेवटच्या पानावर दर रविवारी तीनच ओळी लिहाव्यात : या आठवड्यात मदत कोणी केली, नवे काय समजले आणि ते कोणाला सांगितले. नोंद नेमकी असावी. ‘सर्वांचे आभार’ यापेक्षा ‘शेजारच्या काकूंनी भावाला सांभाळले, म्हणून दोन तास मिळाले’ ही ओळ अधिक मोलाची.

तिसऱ्या ओळीत अभ्यास आणि सेवा यांची सांगड बसते. आतड्यात ग्लुकोज व सोडियम एकत्र शोषले जातात, हे जीवशास्त्रात वाचले, की जुलाब झालेल्याला साखर-मिठाचे पाणी का देतात ते कळते. एक लिटर स्वच्छ पाण्यात सहा सपाट चहाचे चमचे साखर व अर्धा चमचा मीठ, हे प्रमाण आईला समजावून सांगताना स्वतःचीही उजळणी होते.

बी.एस्सी. नर्सिंगच्या राज्य सामाईक प्रवेश परीक्षेत भौतिकशास्त्र, रसायनशास्त्र, जीवशास्त्र व इंग्रजीबरोबर परिचर्येकडील कलही तपासला जातो. ही पदवी चार वर्षांची, तर जीएनएम अभ्यासक्रम तीन वर्षांचा आहे. वाट लांबची आहे, म्हणूनच शिदोरी हवी.

एखाद्या रविवारी एकही ओळ सुचणार नाही. त्या दिवशी स्वतःला दोष न देता पान कोरे सोडावे आणि झोप पुरी करावी. निराशा हटतच नसेल, तर विश्वासातील व्यक्तीशी बोलावे; शासनाच्या ‘टेलि-मानस’ सेवेचा १४४१६ हा निःशुल्क क्रमांकही आहे. मदत मागणे हा दुबळेपणा नव्हे. उद्या रुग्णाला हेच सांगायचे आहे. ते आज स्वतःपासून शिकलेले बरे.