बिन, कोम आणि वलद

एखाद्या घरात पणजोबांचे नाव विचारले, तर बहुतेक वेळा ते मिळते. पणजीचे विचारले की घर गप्प होते. "तिला सगळे जिजी म्हणायचे," एवढेच कुणीतरी सांगते. अंधेरी, बोरिवली, मुलुंड, घाटकोपरच्या मराठी घरांत हे इतक्या वेळा ऐकले आहे की हल्ली मी शोधाची सुरुवात पणजीपासूनच करते. ही घरे गिरणीत, रेल्वेत, गोदीत राबलेल्यांची. त्यांच्याकडे सनद नाही, छापलेला कुलवृत्तान्त नाही. पण एकोणिसाव्या शतकातले त्यांचे कागद आहेत. ते त्यांच्यासाठी लिहिले गेले नव्हते, एवढेच.

इंग्लंडमधल्या मजुराच्या खापरपणतूला हे काम सोपे जाते. तिथे १ जुलै १८३७ पासून जन्म, लग्न आणि मृत्यू यांची सरकारी नोंदणी सुरू झाली. जन्माच्या दाखल्यात आईचे माहेरचे आडनावही येऊ लागले. १८४१ च्या जनगणनेत घरातल्या प्रत्येकाचे नाव लिहिले गेले. १८५१ पासून कुटुंबप्रमुखाशी नाते आणि जन्मगाव यांचीही भर पडली. त्या याद्या जपून ठेवल्या आणि पुढे लोकांना खुल्या केल्या. त्यामुळे लँकेशायरचा एखादा विणकर दर दहा वर्षांनी पुन्हा भेटतो: आधी दहा वर्षांचा पोर, मग संसारी, मग विधुर.

या विणकराचा आपल्याशी थेट संबंध आहे. १८६१ मध्ये अमेरिकेत यादवी पेटली, तिकडचा कापूस येईनासा झाला, लँकेशायरचे माग थंडावले आणि मुंबईच्या कापसाला सोन्याचा भाव आला. १८६५ मध्ये युद्ध संपले आणि इथले सट्टेवाले धुळीला मिळाले. त्या काळात बेकार झालेल्या विणकराचे नाव १८६१ च्या जनगणनेत आजही सापडते. मुंबईच्या बंदरावर त्याच कापसाच्या गाठी वाहणाऱ्या हमालाचे सापडत नाही.

जनगणना इथेही झाली. मुंबई शहराची १८६४ ला, मग १८७२, १८८१, १८९१ ला. १८८१ मध्ये शहराची लोकसंख्या ७,७३,१९६ भरली. त्यांत रत्नागिरी जिल्ह्यात जन्मलेले सव्वा लाखाच्या घरात होते. म्हणजे शहरातला दर सहावा-सातवा माणूस गलबताने किंवा आगबोटीने आलेला कोकण्या. पण घरोघर फिरून भरलेले तक्ते बेरजा झाल्यावर कुणी जपले नाहीत. आपल्या वाट्याला आकडे आले, नावे आली नाहीत.

खंडाळ्याच्या घाटात हे फार टोचते. तिथल्या रेल्वेमार्गाचे काम १८५६ मध्ये सुरू झाले आणि १८६३ मध्ये पुरे झाले. १८६१ मध्ये त्या कामावर चाळीस हजारांहून अधिक मजूर होते. पटकी, ताप आणि सुरुंगाचे अपघात यांत हजारो मेले. कंत्राटदार सॉलोमन ट्रेडवेल १८५९ मध्ये इथे आला आणि थोड्याच दिवसांत वारला. त्याची बायको अ‍ॅलिस हिने कंत्राट तडीस नेले. तिचे नाव रेल्वेच्या इतिहासात आहे आणि ते असायलाच हवे. पण डोक्यावर दगडाची पाटी घेतलेल्या बायका त्याच डोंगरावर होत्या, त्यांतल्या एकीचेही नाव त्या इतिहासात नाही. रेल्वेतला साधा इंग्रज ड्रायव्हरसुद्धा या बाबतीत नशीबवान. त्याच्या मुलाचा बाप्तिस्मा इगतपुरीला झाला, तरी नोंदीची नक्कल लंडनला जाई. मुंबई इलाख्याच्या त्या नकला आज ब्रिटिश लायब्ररीत आहेत.

मग आपल्या माणसाला शोधायचे कुठे? आधी एक प्रश्न विचारावा लागतो: त्याचे नाव लिहिण्याची गरज कुणाला होती? सारा वसूल करणाऱ्याला, फौजेत भरती करणाऱ्याला, बाप्तिस्मा देणाऱ्या पाद्रीला, शाळेच्या मास्तरला. ज्याच्याशी गाठ पडली, त्याच्या वहीत माणूस सापडतो.

चाकरमान्याच्या घरासाठी पहिली वही गावची. गाव नमुना १४, म्हणजे जन्ममृत्यूचे रजिस्टर. लोक त्याला कोतवाल बुक म्हणतात. गावात जन्म किंवा मृत्यू झाला की कोतवालामार्फत खबर जायची आणि नोंद व्हायची. बापाचे नाव, जात, मूल मुलगा की मुलगी, मयताचे वय, मरणाचे कारण. जुनी पाने मोडीत असतात. पान उघडले की आधी दिसते ती या टोकापासून त्या टोकापर्यंत ओढलेली सलग रेघ. मग तिला लोंबणारी अक्षरे. शब्दांमध्ये जागा सोडलेली नसते, ऱ्हस्व-दीर्घाचा भेद नसतो, लेखणी उचलायचीच नाही अशा बेताने सगळे लिहिलेले. शाई तपकिरी झालेली, आणि कसरीने नेमके नावाच्या जागी भोक पाडलेले.

अशा पानावर डोळ्यांनी आधी तीन शब्द पकडायला शिकावे. 'बिन' आणि 'वलद' म्हणजे अमक्याचा मुलगा. 'कोम' म्हणजे अमक्याची बायको. कधी त्याच अर्थाने 'जोजे' येते. 'सखाराम बिन गोविंद' आणि 'रखमा कोम सखाराम' अशा दोन ओळी वेगवेगळ्या पानांवर मिळाल्या, की तीन माणसांचे एक घर उभे राहते. अडेल तिथे मोल्सवर्थचा कोश काढावा. १८५७ ची त्याची दुसरी आवृत्ती त्या काळच्या दफ्तरी शब्दांसाठी अजून उपयोगी पडते. शक दिलेला असेल तर त्यात ७८ मिळवायचे, वर्षाच्या शेवटच्या महिन्यांत ७९. वयावर फार भिस्त ठेवू नये, ते अंदाजे सांगितलेले असते. नातवाला आजाचे नाव ठेवायची चाल असल्याने 'सखाराम बिन गोविंद' आणि 'गोविंद बिन सखाराम' पिढ्यान्‌पिढ्या आलटून पालटून येतात. या जाळ्यात मी स्वतः अडकले आहे. एका घराची एक अख्खी पिढी मी गाळली होती; 'कोम'वाली ओळ सापडली तेव्हा ती चूक कळली. दोन गोविंदांच्या बायका वेगळ्या होत्या.

आडनावाचा भरवसा त्याहून कमी. कोतवाल बुकात ते अनेकदा नसतेच, आणि शाळेत ते बदलते. सगळ्यांच्या ओळखीचे उदाहरण द्यायचे तर साताऱ्याच्या शाळेचे. ७ नोव्हेंबर १९०० रोजी तिथल्या रजिस्टरमध्ये भिवा रामजी आंबेडकर हे नाव दाखल झाले, क्रमांक १९१४. घराणे सकपाळांचे, आडनाव आले ते मंडणगड तालुक्यातल्या आंबडवे गावावरून. उद्या कुणी फक्त 'आंबेडकर' शोधत मागे गेला, तर त्याची वाट त्या पानावरच संपेल. आजोबा मालोजी आणि वडील सुभेदार रामजी दोघेही फौजेत होते, म्हणून हे घर शाळेच्या पानाच्या मागेही दिसत राहते. पलटणीने कष्टकऱ्यांची नावे लिहिली, कारण तिला पगार आणि पेन्शन द्यायचे होते. १ जानेवारी १८१८ च्या लढाईनंतर कोरेगावला उभारलेल्या स्तंभावर 'नाक'ने संपणारी, म्हणजे महारांची, बावीस नावे कोरलेली आहेत. त्या शतकाच्या सुरुवातीला महार घरांतल्या माणसांची नावे दगडावर यावीत, ही साधी गोष्ट नव्हे.

उपनगरातल्या मूळ रहिवाशांचे काम वेगळे. अंधेरी, बोरिवली, मुलुंड ही गावे तेव्हा मुंबईत नव्हतीच. ती ठाणे जिल्ह्यातल्या साष्टी तालुक्यात होती. उपनगर जिल्हा झाला १९२० मध्ये. अंधेरी, घाटकोपर महापालिकेत आली १९५० मध्ये. बोरिवली, मुलुंड १९५७ मध्ये. त्यामुळे 'मुंबई' म्हणून शोधणारे रिकाम्या हाताने परततात. १८८० च्या बोरिवलीचा माणूस ठाण्याच्या दफ्तरात शोधायला हवा.

यांतल्या ईस्ट इंडियन ख्रिस्ती घरांना चर्चची वही मिळते. १७३९ मध्ये मराठ्यांनी वसई घेतली, १७७४ मध्ये साष्टी इंग्रजांकडे गेली, पण बाप्तिस्म्याची चाल चालूच राहिली. भातशेती, मासेमारी, ताडी आणि मिठागरे यांवर जगणारी ही माणसे घरात मराठीच बोलत. 'ईस्ट इंडियन' हे नाव त्यांनी १८८७ मध्ये घेतले. नोंद पोर्तुगीज किंवा लॅटिनमध्ये असली तरी तीत आईचे नाव असते, धर्ममाता-धर्मपित्याचेही असते. कोंडिविट्याचे सेंट जॉन द बॅप्टिस्ट चर्च १५७९ चे. १८४० मध्ये साथ आली आणि गावकरी ते सोडून मरोळला गेले. ते पडके चर्च आज सीप्झच्या आवारात आहे. अंधेरीच्या एखाद्या जुन्या घराचा माग कोंडिविट्यात तुटला, तर तो मरोळला जोडावा लागतो, कारण वस्तीच हलली होती.

साथीचा हा हिशेब पुढेही ध्यानात ठेवावा. सप्टेंबर १८९६ मध्ये मांडवीत डॉ. अकासिओ व्हिएगस यांनी प्लेग ओळखला आणि शहर गावाकडे पळाले. १८९१ मध्ये ८,२१,७६४ असलेली वस्ती १९०१ मध्ये ७,७६,००६ वर आली. गिरणीतला पणजोबा मुंबईच्या मृत्यूनोंदीत मिळत नसेल, तर त्याच वर्षांचे गावचे पान पाहावे.

२०२३ मध्ये कुणबी नोंदींसाठी न्यायमूर्ती संदीप शिंदे समिती नेमली गेली, तेव्हा राज्यभर तहसिलांतली, शाळांतली, भूमिअभिलेखातली बासने सुटली. ५० लाखांहून अधिक नोंदी हाती आल्या. गोरगरिबांचा कागद नसतो, हा समज त्यामुळे खोटा ठरला. पण बहुतेकांनी जातीच्या दाखल्यापुरती ओळ शोधली आणि वही मिटली. त्याच्या पुढच्या-मागच्या पानावर पणजी होती, तिच्यापाशी कुणी थांबले नाही. मला याचे मनापासून वाईट वाटते. कसर आणि ओल दाखल्याची वाट पाहत नाहीत, आणि मोडी वाचणारे हात दरवर्षी कमी होत आहेत. मुंबईचे पुराभिलेखागार १८२१ पासून आहे. तिथे पोचण्याआधीची चावी मात्र घरातच असते. आडनाव बदलते, जिल्हा बदलतो, वय चुकते. पण गावाचे आणि वाडीचे नाव, कुलदैवत, देवक आणि बाईचे माहेर या गोष्टी म्हातारी माणसे अचूक सांगतात.

या दिवाळीत घरी फराळाला सगळी जमतील. त्यांतल्या सर्वांत थोरल्या बाईजवळ वही घेऊन बसा. तिच्या आजीचे नाव विचारा, मग त्या आजीचे माहेर, तिथली वाडी, जुना तालुका. नाव आठवले नाही तर टोपणनाव लिहा. पुढे जागा कोरी सोडा.