नंदादेवी (शिखर)
नंदादेवी हे भारताच्या उत्तराखंड राज्यातील हिमालयाचे एक पर्वतशिखर आहे. त्याची समुद्रसपाटीपासून उंची ७,८१६ मीटर आहे. कांचनगंगेनंतर हे भारतातील दुसऱ्या क्रमांकाचे उंच शिखर मानले जाते. कांचनगंगा नेपाळच्या सीमेवर असल्याने, संपूर्णपणे भारतीय प्रदेशात असलेल्या प्रमुख शिखरांत नंदादेवी सर्वांत उंच ठरते. गढवाल व कुमाऊँ या दोन्ही प्रदेशांत नंदा ही संरक्षक देवता म्हणून पूजली जाते.

भूगोल
मुख्य शिखर चमोली जिल्ह्यात आहे. त्याच्या पूर्वेस एका उंच धारेने जोडलेले नंदादेवी पूर्व (७,४३४ मी.) हे जोडशिखर आहे. मुख्य शिखराभोवती त्रिशूळ, दुनागिरी, चंगबंग इत्यादी शिखरांचे कडे असून त्याच्या आतील खोलगट प्रदेशास नंदादेवी अभयारण्य म्हणतात. उत्तर व दक्षिण बाजूंच्या हिमनद्यांचे पाणी ऋषीगंगेस मिळते. ही नदी पश्चिमेकडील अरुंद, खोल घळईतून कडे भेदून बाहेर पडते व रैणी गावाजवळ धौलीगंगेस मिळते. या घळईच्या दुर्गमतेमुळे १९३४ पर्यंत आतील खोऱ्यात कोणासही पोहोचता आले नव्हते. त्या वर्षी एरिक शिप्टन व बिल टिलमन यांनी हा मार्ग शोधला. २९ ऑगस्ट १९३६ रोजी टिलमन व नोएल ओडेल यांनी शिखर प्रथम सर केले.

हवामान
येथील हवामानावर उंची आणि शिखरांचे कडे या दोहोंचा प्रभाव पडतो. जून अखेरीपासून मोसमी वारे पाऊस आणतात. अधिक उंचीवर तोच हिमरूपाने पडतो. हिवाळ्यातील हिमवृष्टी मुख्यतः पश्चिमी विक्षोभांमुळे होते. बाष्पयुक्त वारे कड्याच्या बाहेरील उतारांवर अडत असल्याने आतील खोरे तुलनेने कोरडे राहते. मात्र पावसाळ्यात खाली उतरणारे ढग व धुके जमिनीत ओलावा टिकवतात. त्यामुळे हिमालयाच्या इतर कोरड्या अंतर्गत खोऱ्यांपेक्षा येथील वनस्पती दाट आढळतात. घळईत भूर्ज व बुरांस यांची वने, त्यावर खुरटी झुडपे व गवताळ कुरणे आणि हिमनद्यांजवळ शेवाळ व दगडफूल असा क्रम दिसतो.

संरक्षण
१९७४ मध्ये हे खोरे गिर्यारोहकांसाठी खुले झाल्यानंतर कचरा, सरपणासाठी वृक्षतोड आणि शिकार वाढली. त्याच वर्षी रैणी येथे गौरादेवी यांच्या नेतृत्वाखाली महिलांनी झाडे वाचविण्यासाठी चिपको आंदोलन केले. १९८२ मध्ये हा प्रदेश राष्ट्रीय उद्यान घोषित झाला व त्यानंतर आतील खोरे गिर्यारोहणास बंद करण्यात आले. १९८८ मध्ये युनेस्कोने त्यास जागतिक वारसा स्थळाचा दर्जा दिला. येथे हिमबिबट्या, कस्तुरीमृग व भरल हे प्राणी आढळतात.

२०२१ मधील दुर्घटना
७ फेब्रुवारी २०२१ रोजी परिसरातील रोंटी शिखराच्या उतारावरून खडक व बर्फाचा प्रचंड भाग कोसळला. घर्षणाच्या उष्णतेने बर्फ वितळून खडक, गाळ व पाणी यांचा लोंढा तयार झाला आणि तो ऋषीगंगा व धौलीगंगेच्या खोऱ्यांतून वाहत गेला. त्यात रैणीजवळील जलविद्युत प्रकल्प नष्ट झाला, तपोवन येथील प्रकल्पाची मोठी हानी झाली आणि २०० हून अधिक लोक मृत वा बेपत्ता झाले. तीव्र उताराच्या हिमाच्छादित खोऱ्यांत बांधकाम करणे कितपत सुरक्षित आहे, हा प्रश्न या घटनेने पुन्हा ऐरणीवर आणला.