टाकी भरताना इंजिन चालू ठेवावे काय?

अमरावतीहून बडनेरा, मूर्तिजापूर करीत अकोल्याकडे जाणाऱ्या महामार्गावर (जुना क्रमांक ६, आताचा ५३) पहाटेपासून मालाच्या गाड्या धावू लागतात. संत्री, कापसाच्या गाठी, पलंग-कपाटे, भंगार, कपड्यांचे गठ्ठे असा नाना तऱ्हेचा माल त्यांतून जातो. या वाहतुकीत आणि गाड्यांच्या दुरुस्तीत आपले कितीतरी बांधव आहेत. कोणी स्वतःचा टेम्पो चालवतो, कोणी ऑटो, तर कोणी मिस्त्री म्हणून गॅरेज सांभाळतो. या सर्वांचा पेट्रोल पंपाशी रोजचा संबंध येतो. तेथे ‘इंजिन बंद करा’ अशी पाटी असते. ती सगळे वाचतात, पण सगळेच पाळतात असे नाही.

पंपावरचा मुलगा इंजिन बंद करायला सांगतो, तेव्हा एक उत्तर हमखास मिळते, “भाऊ, सेल्फ घेत नाही, चालूच राहू दे!” काही जण म्हणतात की वीस वर्षे असेच भरतो आहोत, काही झाले नाही. हे म्हणणे खोटे नसते. चालू इंजिनामुळे दर वेळी आग लागत नाही, किंबहुना फार क्वचित लागते. परंतु ज्या दिवशी लागते, त्या दिवशी गाडी, माल आणि माणूस तिन्ही एकाच वेळी सापडतात. म्हणून हा प्रश्न नीट समजून घेतला पाहिजे.

पेट्रोल नव्हे, वाफ पेटते

पेटते ते पातळ पेट्रोल नसून त्याची वाफ असते. पेट्रोल उणे ४० अंशांच्या आसपासच्या थंडीतसुद्धा पेट घेण्याइतकी वाफ सोडते. टाकीत ३० लिटर पेट्रोल गेले, की टाकीतली तेवढीच वाफमिश्रित हवा तोंडातून बाहेर पडते. पंपावर येणारा वास तिचाच असतो. ही वाफ हवेपेक्षा तीन-चार पट जड असल्यामुळे वर उडून न जाता खाली उतरते आणि गाडीच्या पोटाखाली, जमिनीलगत पसरते. हवेत तिचे प्रमाण साधारण दीड ते साडेसात टक्के असले, की एक ठिणगी पुरते.

जमिनीलगत पसरलेली वाफ काय करू शकते, हे २९ ऑक्टोबर २००९ रोजी जयपूरजवळच्या सीतापुरा येथील इंडियन ऑइलच्या डेपोत दिसले. तेथे पेट्रोलची गळती तासाभराहून अधिक वेळ चालली, वाफ आवारभर पसरली आणि मग प्रचंड स्फोट झाला. कित्येकांचे प्राण गेले आणि आग अनेक दिवस धुमसत राहिली. पंपावर एवढी वाफ साचत नाही हे खरे, पण वाफेचा स्वभाव तोच असतो. पंपावर टँकर रिकामा होत असेल, तेव्हा जमिनीखालच्या टाकीतली वाफही बाहेर येते. अशा वेळी थोडे थांबून गाडी लावणे केव्हाही चांगले.

चालू इंजिनात ठिणगी कोठून येते?

मिस्त्री बांधवांना हे सांगायला नको, पण गाडीमालकांनी समजून घ्यावे. पेट्रोल गाडीत प्लगला जाणाऱ्या वायरमधून हजारो व्होल्टचा दाब जातो. वायर जुनी होऊन तडकली, की ठिणगी बाहेर उडते. रात्री बॉनेट उघडून पाहिल्यास ती डोळ्यांनाही दिसते. अल्टरनेटरच्या कार्बनपाशी ठिणग्या होतात. जुन्या गाडीचा सायलेन्सर फुटका असला, तर त्यातून ज्वाळ किंवा तापलेला काजळीचा कण बाहेर पडू शकतो.

डिझेल गाडीला प्लगची ठिणगी नसते, म्हणून काही जण निर्धास्त राहतात. त्यांनी दोन गोष्टी ध्यानात घ्याव्यात. पहिली अशी की शेजारच्या नोझलवर पेट्रोल भरले जात असते. ती वाफ हवेबरोबर डिझेल इंजिनात ओढली गेली, तर इंजिन अॅक्सिलरेटर न दाबताही पळू लागते आणि आवरत नाही. दुसरी गोष्ट खास आपल्या वऱ्हाडाची आहे. आपल्या देशातील मानकाप्रमाणे डिझेलचा ज्वलनांक किमान ३५ अंश असावा लागतो, म्हणजे त्या तापमानापर्यंत ते पेट घेण्याजोगी वाफ सोडत नाही. पण अकोला-अमरावतीचा पारा मे महिन्यात ४५ अंशांवर जातो. थंड मुलखात जे डिझेल निरुपद्रवी समजले जाते, ते आपल्याकडे भर उन्हाळ्यात तसे राहीलच असे नाही.

इंजिन बंद केले म्हणजे धोका संपला काय?

नाही, हेही स्पष्ट सांगितले पाहिजे. इंजिन बंद केल्याने ठिणगीची कारणे थांबतात, पण सायलेन्सर लगेच थंड होत नाही. पेट्रोल साधारण अडीचशे अंशांच्या पुढे तापलेल्या वस्तूवर ठिणगीशिवायही पेटू शकते आणि मजल मारून आलेल्या गाडीचे एक्झॉस्टचे भाग याहून अधिक तापलेले असतात. म्हणून सांडणे टाळणे हे इंजिन बंद करण्याइतकेच महत्त्वाचे आहे. नोझल आपोआप बंद झाल्यावर रुपये पूर्ण करण्यासाठी थेंब थेंब ओतून टाकी काठोकाठ भरू नये. मोटारसायकलची टाकी इंजिनाच्या अगदी वर असते, तेव्हा खाली उतरूनच पेट्रोल भरावे. सांडलेच तर आधी पुसून घ्यावे आणि गाडी हाताने चार पावले पुढे ढकलून मग सुरू करावी, कारण सेल्फ मारतानाही ठिणगी होते. गॅसवर चालणाऱ्या ऑटोत तर सुमारे २०० बारच्या दाबाने गॅस भरला जातो. तेथे इंजिन बंद करून सर्व प्रवासी उतरवणे आवश्यक आहे.

खरे कारण बॅटरीत आहे

इंजिन चालू ठेवणारा माणूस बहुधा बेफिकीर नसतो. त्याची बॅटरी उतरलेली असते, आणि नवी घ्यायची म्हणजे काही हजार रुपये एकदम काढायचे असतात. तो आज-उद्या करीत राहतो. येथे थोडी तपासणी केली, तर बऱ्याचदा खर्च वाचतो.

पहिल्यांदा बॅटरीचे टर्मिनल पाहावे. त्यावर पांढरी-निळी पूड साचली असेल, तर गरम पाण्याने धुऊन, कोरडे करून, घट्ट आवळावे आणि वरून ग्रीस लावावे. मग मीटर लावून बघावे. गाडी काही तास उभी राहिल्यावर १२ व्होल्टच्या चांगल्या बॅटरीत सुमारे १२.६ व्होल्ट दिसतात. इंजिन चालू असताना १४ च्या आसपास दिसले पाहिजेत. तेवढे दिसत नसतील, तर दोष चार्जिंगमध्ये आहे आणि नवी बॅटरी घालूनही ती उतरेल. बॅटरी ठीक असून सेल्फ फिरत नसेल, तर त्याचे कार्बन झिजले आहेत काय ते पाहावे. कार्बन बदलण्याचा खर्च बॅटरीच्या मानाने किरकोळ असतो. आपल्याकडच्या उन्हाने बॅटरीचे आयुष्य कमी होते, म्हणून ही तपासणी उन्हाळ्यापूर्वी करून घ्यावी.

वारंवार बंद-चालू केल्याने इंधन जास्त जाते, हा समजही आता धरून ठेवू नये. आजच्या गाड्यांत पुन्हा सुरू करायला साधारण दहा सेकंद उभ्या चालू इंजिनाइतकेच इंधन लागते. टर्बो असलेल्या डिझेल गाडीच्या चालकांचे म्हणणे मात्र रास्त आहे. लांबून दमवून आणलेले इंजिन एकदम बंद करू नये. पण ते मिनिटभर सावकाश चालवून थंड करायचे, ते पंपाच्या आवाराबाहेर. नोझल टाकीत असताना नव्हे.

दुकानातला जनरेटर

हाच नियम जनरेटरलाही लागू आहे आणि तेथे तो सर्वांत जास्त मोडला जातो. ऐन गिऱ्हाइकीत वीज गेलेली असते, मंडपात कार्यक्रम चालू असतो, तेवढ्यात पेट्रोल संपत येते आणि कोणीतरी चालू मशीनमध्येच डबा ओततो. लहान जनरेटरची टाकी तापलेल्या सायलेन्सरपासून वीतभर अंतरावर असते. मशीन बंद करावे, दहा-पंधरा मिनिटे थंड होऊ द्यावे आणि मगच भरावे. तेवढा अंधार परवडतो. कपड्याच्या, गादीच्या किंवा फर्निचरच्या दुकानात लागलेली आग परवडत नाही.

नुकसान कोणाचे?

मोटार वाहन कायदा १९८८ प्रमाणे सक्तीचा असलेला विमा तिसऱ्या पक्षाचा असतो. त्यातून स्वतःच्या जळालेल्या गाडीचा एक रुपयाही मिळत नाही. पूर्ण विमा असला, तरी वाहनाची वाजवी काळजी घेण्याची अट त्यात असते आणि गाडीतला माल त्यात धरलेला नसतो. तो माल तर बहुतेक वेळा दुसऱ्याची अमानत असते. पंपालाही १९३४ चा पेट्रोलियम कायदा आणि २००२ चे पेट्रोलियम नियम यांखालीच परवाना मिळतो, आणि त्यावर देखरेख ठेवणाऱ्या केंद्रीय यंत्रणेचे मुख्यालय आपल्या नागपुरातच आहे. तेव्हा इंजिन बंद करायला सांगणारा कर्मचारी आपला अपमान करीत नसून आपले काम करीत असतो.

ज्यांच्याकडे चालक नोकरीला आहेत, त्या व्यापारी बांधवांनी त्यांना एवढे जरूर सांगावे आणि बॅटरीचा खर्च त्यांच्यावर न ढकलता स्वतः करावा. आग लागलीच, तर सर्वांत आधी होरपळतो तो नोझल धरून उभा असलेला मुलगा. बहुधा तोही आपल्यासारख्याच कष्टकरी घरातला असतो.