गुत्तेदाराचा गूळ

आमच्या खदानीवरचा हॉपरवाला मामा दिवाळीनंतर गेला. दवाखान्याच्या कागदावर क्षय. तीनदा कोर्स झाला. थुंकीत जंतू एकदाही सापडला नाही, पण कागदावर क्षयाच्या जागी धूळ काही आली नाही.

‘जगात जर्मनी, भारतात परभणी’ असं आपण छाती फुगवून म्हणतो. त्या जर्मनीतल्या अग्रिकोला या खाणतज्ज्ञाच्या 1556 साली छापलेल्या ग्रंथात कार्पेथियन डोंगरातल्या खाणींची हकीकत आहे. तिथे सात-सात लग्नं झालेल्या बायका होत्या, सातही नवरे धुळीने नेलेले. पुढची चारशे वर्षं सोडून देतो. 1959 साली जोहान्सबर्गला तज्ज्ञ बसले आणि कोणती धूळ मोजायची ते ठरलं. फुप्फुसाच्या तळाशी जाते ती, साधारण पाच मायक्रॉनची नि त्याहून बारीक, डोळ्यांना न दिसणारी.

माझं दशक नव्वदचं. मनमाड-परभणी लाइन ब्रॉडगेज होत होती, गिट्टीला सोन्याचा भाव आला होता. हिंगोली अजून आमच्याच जिल्ह्यात होती. मी खदानीवर ट्रिपा लिहायला होतो. ट्रॅक्टरच्या कॉम्प्रेसरवर कोरडं ड्रिल चालायचं, सुरुंग उडायचे, मग दिवसभर क्रशरचा जबडा. बायका पदर नाकाशी धरून दगड टाकायच्या. दुपारी डबा उघडला की भाकरीवर कच बसायची. मामाच्या भुवया संध्याकाळी पांढऱ्या, आणि आम्ही त्याला ‘म्हातारा झालास’ म्हणून हसायचो. तेव्हा तो तिशीतला होता.

सुट्टी झाली की गुत्तेदार प्रत्येकाच्या हातावर गुळाचा खडा ठेवायचा. ‘गूळ खा, धूळ उतरते.’ आता हसू नका. लखनौच्या औद्योगिक विषशास्त्र संस्थेतल्या दोघांनी 1994 साली गुळाचा हाच प्रयोग छापला, आणि गूळ दिल्यावर फुप्फुसातले कण लवकर हलतात असं त्यांना दिसलं. उंदरांत. गुत्तेदाराने तो निबंध वाचला नव्हता. त्याला एवढंच ठाऊक होतं की टँकरपेक्षा गूळ स्वस्त पडतो.

टँकर यायचा, नाही असं नाही. साहेबाची जीप येणार असली की रस्त्यावर पाणी मारलं जायचं. हॉपरच्या तोंडाशी बारीक फवारा, पट्ट्यावर पत्र्याचं झाकण, ड्रिलच्या दांड्यातूनच पाणी, एवढा साधा उपाय. दांड्यातून पाणी सोडायची युक्ती तर तेव्हाच शंभरीला टेकली होती. ‘गिट्टी ओली झाली की जाळी चोक होते,’ हे गुत्तेदाराचं उत्तर. पाणी फार झालं तर होतेही. म्हणून तर फवारा बारीक हवा. एकदा मी खाण कायदा काढला. ‘खाण धनबादला असते, ही खदान आहे,’ म्हणाला. सुरुंग लावला की दगडाची खदानही 1952च्या खाण कायद्याखाली येते, हे मला फार उशिरा कळलं. शिवाय आपला काळा पाषाण. त्यात फुप्फुस खाणारी मोकळी सिलिका कमी, हे खरंच. मालक लोक तेवढंच ऐकून ठेवतात. पाषाणाच्या पोकळ्यांत गारगोटी असते, आणि नुसत्या धुळीनेही छाती भरतेच. मी मात्र ट्रिपा लिहीत राहिलो.

ही न दिसणारी धूळ मोजायचं यंत्र कामगाराच्या कॉलरला अडकवतात. जाड कण बाजूला पडतात, बारीक तेवढे गाळणीवर बसतात आणि पाळी संपली की गाळणीचं वजन होतं. असल्या कामासाठी 1990 साली कोलारला राष्ट्रीय खाणकामगार आरोग्य संस्था निघाली, पुढे ती नागपूरला आली. आपल्या राज्यात, आपल्या दाराशी. 2019 साली केंद्राने ती बरखास्त करून अहमदाबादच्या संस्थेत विलीन केली. परभणीत त्याची कुणाला खबर नव्हती. मलाही नव्हती, मामाचे कागद चाळताना कळली.

क्रशरला एक सरकारी मर्यादा आजही आहे: हवेतले कण घनमीटरला 600 मायक्रोग्रॅम, यंत्रापासून 3 ते 10 मीटरवर मोजलेले. मामा यंत्रापासून हातभर अंतरावर उभा असायचा.