टेंभलीचा क्रमांक आणि संगणकाच्या भाषा

नंदुरबारचा मिरचीचा बाजार तुम्ही पाहिला असेल, निदान त्याचे नाव तरी ऐकले असेल. तेथे सकाळी थोडा वेळ उभे राहा. शेतकरी आपसात भिली किंवा अहिराणी बोलतात. गुजरातच्या व्यापाऱ्याशी गुजरातीत भाव ठरतो. चहाच्या दुकानात उर्दू कानावर पडते. पावती मात्र मराठीत लिहिली जाते. यांतली श्रेष्ठ भाषा कोणती, असा वाद तेथे कोणी घालत बसत नाही. संगणकाचे प्रोग्रॅम लिहिणारे लोक मात्र असा वाद अनेक वर्षांपासून घालत आले आहेत. तो वाद काय आहे, हे आज आपण समजून घेऊ.

त्यासाठी नंदुरबार जिल्ह्यातल्याच एका गावी जाऊ. शहादा तालुक्यात टेंभली नावाचे छोटे आदिवासी गाव आहे. 29 सप्टेंबर 2010 रोजी देशातले पहिले आधार क्रमांक या गावातल्या लोकांना देण्यात आले. त्या समारंभाला पंतप्रधान मनमोहन सिंग आले होते. आज असे क्रमांक शंभर कोटींहून अधिक लोकांकडे आहेत. नवा माणूस नोंदणीला आला की त्याच्या बोटांचे ठसे आणि डोळ्यांच्या खुणा आधीच्या सर्व नोंदींशी ताडून पाहाव्या लागतात. एकाच माणसाला दोन क्रमांक मिळू नयेत, म्हणून ही काळजी. हे काम संगणक करतात; पण संगणकाला ते कोणत्या भाषेत सांगायचे?

संगणकाला खरे तर शून्य आणि एक या दोन अंकांशिवाय काहीच कळत नाही. माणसाला त्या अंकांत लिहिणे फार अवघड जाते. म्हणून माणसाला वाचता येतील अशा भाषा तयार झाल्या. त्या भाषेत लिहिलेला प्रोग्रॅम संगणक आपल्या अंकांत बदलून घेतो. अशा भाषा आज शेकडो आहेत. घरी गंमत म्हणून एखादा खेळ बनवायचा असेल, तर कोणतीही भाषा चालेल. पण बँक, रेल्वे, विमा कंपनी किंवा सरकारी खाते यांचे काम निराळे असते. तेथे प्रोग्रॅम अनेक माणसे मिळून लिहितात, तो वर्षानुवर्षे चालतो आणि एक चूक झाली तर हजारो लोकांचे पैसे किंवा धान्य अडते.

अशा कामासाठी मुद्दाम बनवलेली जुनी भाषा म्हणजे कोबोल. 1959 साली अमेरिकेत तिची आखणी सुरू झाली. तिच्या आज्ञा इंग्रजी वाक्यांसारख्या असतात. रुपयांचे किती अंक आणि पैशांचे किती, हे कोबोलमध्ये आधीच सांगून ठेवता येते. हा गुण लहान वाटेल, पण तो फार मोलाचा आहे. का, ते पाहा. एकाला तिनाने भागले तर 0.333... असे उत्तर येते आणि ते कधीच संपत नाही. संगणक दोनच अंकांत हिशेब करतो, म्हणून त्याला 0.1 ही साधी संख्यासुद्धा अशीच न संपणारी वाटते. पायथन या भाषेत 0.1 आणि 0.2 यांची बेरीज करून पाहा. उत्तर 0.3 येत नाही, 0.30000000000000004 येते! जावा या भाषेतही दशांश संख्या नेहमीच्या पद्धतीने लिहिल्या तर हेच घडते. कोट्यवधी खात्यांच्या व्याजात असा फरक साचत गेला तर हिशेब जुळायचा नाही. म्हणून या दोन्ही भाषांत पैशांसाठी दशांशाची वेगळी सोय ठेवलेली आहे. ती वापरायची आठवण मात्र प्रोग्रॅम लिहिणाऱ्याला राहिली पाहिजे.

1972 च्या सुमारास सी ही भाषा आली. ती अतिशय वेगवान आहे. पण संगणकाच्या स्मृतीची सगळी व्यवस्था तीत माणसालाच पाहावी लागते, आणि तेथे माणूस चुकतो. 1995 साली सन मायक्रोसिस्टिम्स या कंपनीने जावा भाषा लोकांपुढे आणली. तिने स्मृतीची व्यवस्था स्वतःकडे घेतली. एकदा लिहिलेला प्रोग्रॅम निरनिराळ्या प्रकारच्या संगणकांवर चालेल, अशी योजनाही तिने केली. तुमच्या-माझ्या दृष्टीने तिची आणखी एक गोष्ट महत्त्वाची आहे. जगातल्या सर्व लिप्यांच्या अक्षरांना क्रमांक देणारी युनिकोड ही पद्धत जावाने सुरुवातीपासूनच स्वीकारली. त्यामुळे उर्दूतला 'अलिफ' आणि मराठीतला 'अ' यांना तीत इंग्रजी अक्षरांइतकेच स्थान मिळाले. मायक्रोसॉफ्टची सी शार्प ही भाषाही बरीचशी जावासारखीच आहे.

आता वाद ऐका. पायथनचे चाहते म्हणतात, "जावात वीस ओळी लागतात ते काम आमच्याकडे पाच ओळींत होते. काम लवकर संपते आणि वाचायलाही सोपे जाते." जावाचे चाहते उत्तर देतात, "जन्मवर्षाच्या जागी कोणी चुकून नाव ठेवले, तर आमची भाषा प्रोग्रॅम चालू होण्याआधीच ती चूक दाखवते. तुमची चूक मात्र काम चालू असताना, खिडकीपुढे रांग लागलेली असताना उघडी पडते." दोघांचेही म्हणणे खरे आहे. पुढे पायथनमध्येही माहितीचा प्रकार लिहून ठेवण्याची सोय झाली, पण तो लिहिलाच पाहिजे असे बंधन नाही. मला विचाराल तर, पाच जणांच्या कामाला मी पायथन घेईन आणि पाचशे जणांच्या कामाला जावा.

सगळा दोष भाषेवर टाकणेही बरोबर नाही. पूर्वी स्मृती महाग होती, म्हणून अनेक प्रोग्रॅमांत सालाचे शेवटचे दोनच अंक ठेवत. 1940 साली जन्मलेल्या माणसाचे वय 2000 साली काढायचे झाले, तर संगणक 00 मधून 40 वजा करणार आणि वय उणे चाळीस सांगणार! अशा चुका दुरुस्त करण्यासाठी 2000 सालाच्या आधी भारतातल्या हजारो तरुणांनी जुने कोबोल प्रोग्रॅम ओळीओळीने तपासले. ही चूक कोबोलची नव्हती, दोन अंक वाचवणाऱ्या माणसांची होती.

मग मोठ्या संस्थेने भाषा निवडताना काय पाहावे? एप्रिल 2020 मध्ये कोरोनाच्या साथीत अमेरिकेतल्या न्यू जर्सी राज्यात अनेकांचे काम सुटले. बेकारभत्त्यासाठी एकदम फार अर्ज आले. तो भत्ता देणारे प्रोग्रॅम चाळीस वर्षांहून जुने, कोबोलमध्ये लिहिलेले होते. ते सुधारायला माणसे पुरेनात. तेव्हा कोबोल जाणणाऱ्यांनी मदतीला यावे, असे आवाहन खुद्द राज्याच्या गव्हर्नरांना करावे लागले. भाषेत गुण होते, पण ती शिकणारी नवी मुले उरली नव्हती. इकडे घरी पैसे नाहीत, म्हणून लोक वाट पाहत होते.

आधारच्या मध्यवर्ती यंत्रणेत जावाचा मोठा वाटा आहे. ती भाषा जाणणारे लोक आपल्या देशात भरपूर आहेत. शिवाय एकाच कंपनीवर अवलंबून राहावे लागू नये म्हणून सर्वांना खुली असलेली साधने या कामात निवडली गेली. या क्रमांकाशी बँक, रेशन, शिष्यवृत्ती अशी अनेक खाती जोडलेली आहेत, आणि प्रत्येकाचे प्रोग्रॅम वेगवेगळ्या भाषांत असू शकतात. तरीही एक तपासणी सर्वांना सारखीच करता येते. आधारच्या बारा अंकांपैकी शेवटचा अंक आधीच्या अकरा अंकांवरून, व्हेरहूफ या डच गणितज्ञाच्या रीतीने काढलेला असतो. एखादा अंक चुकला किंवा शेजारचे दोन अंक उलटसुलट झाले, तर हिशेब जुळत नाही. म्हणूनच घाईत 47 च्या जागी 74 लिहिले गेले, तर ही तपासणी करणारा संगणक अर्ज तेथल्या तेथे परत करतो आणि तुम्हाला क्रमांक पुन्हा लिहायला सांगतो.