पुळणवट जमिनीतील घरापुढची हिरवळ

अलिबागपासून वेंगुर्ल्यापर्यंत समुद्रालगत ज्या वाड्या वसल्या आहेत, त्यांतील पुष्कळ घरे पुळणीवरच उभी आहेत. घरापुढे सारवलेले खळे आणि घरामागे नारळ-सुपारीचे आगर, अशी येथील जुनी व्यवस्था होय. अलीकडे पर्यटकांच्या उतरण्याची सोय घरोघर होऊ लागल्यापासून खळ्याच्या जागी हिरवळ करण्याकडे लोकांचा कल वाढला आहे. ही हौस गैर नव्हे. गवताने झाकलेली वाळू वाऱ्याबरोबर घरात येत नाही, पावसाच्या माऱ्याने वाहून जात नाही, आणि उन्हाळ्यात अंगणाची धगही कमी होते.

परंतु बहुतेक ठिकाणी या हिरवळीची एकच कथा ऐकू येते. गणपतीच्या सुमारास अंगण हिरवेगार दिसते. फेब्रुवारीत ते पिवळे पडू लागते. मग घरधनी युरियाची मूठ वाढवतो व पंप अधिक वेळ चालवतो. तरीही मे महिन्यात गवत वाळतेच, आणि त्याबरोबर विहिरीचे पाणीही मचूळ लागू लागते. येथे दोष गवताचा नसतो. घाटावरच्या भारी जमिनीची रीत वाळूवर चालवल्याचा तो परिणाम असतो. वाळूतील हिरवळीची निगा घरच्या घरी, थोड्या खर्चात राखता येते. मात्र ती विहिरीला झेपेल एवढीच असली पाहिजे.

वाळूचा स्वभाव

वाळूचे कण मोठे असतात व त्यांमधील पोकळ्याही मोठ्या असतात. त्यामुळे पाणी लवकर मुरते, पण टिकत नाही. गवताची बहुतेक मुळे वरच्या १५ सेंटिमीटरांत असतात. एवढ्या थरात वाळू गवताच्या उपयोगी पडेल असे सुमारे १ सेंटिमीटर उंचीचेच पाणी धरू शकते; काळ्या जमिनीत ते याच्या दुपटीहून अधिक असते. जे पाणी या थराखाली गेले, ते गवताला दुरावले. पाण्यात विरघळलेल्या खताचेही तसेच होते.

कोकणच्या पुष्कळ पुळणींत शिंपल्यांचा चुरा असतो. असा चुरा आहे की नाही, हे पाहण्यासाठी मूठभर कोरड्या वाळूवर थोडा व्हिनेगर टाकावा. फसफसून बुडबुडे आले, तर वाळूत चुनखडी आहे असे समजावे. अशा जमिनीत लोह असूनही गवतास ते घेता येत नाही. म्हणून चुन्याची वा चुलीतील राखेची भर येथे घालू नये. ती उपकाराऐवजी अपकारच करते.

गवताची निवड

किनाऱ्यावरील सर्वसाधारण अंगणासाठी आपली हरळी, म्हणजेच दूर्वा, सर्वांत विश्वासू आहे. तिची आडवी खोडे जमिनीवरून व जमिनीखालून पसरतात आणि वाळू बांधून ठेवतात. ती पाण्याचा मचूळपणा पुष्कळ सोसते, पायदळी तुडवली तरी पुन्हा उठते, आणि पाणी तुटले तर मरण्याऐवजी झोपी जाते. तिचा एकच मोठा दोष आहे, तो म्हणजे तिला सावली मानवत नाही. दाट नारळीखाली हरळी लावणे म्हणजे श्रम वाया घालवणे होय. तेथे पालापाचोळ्याचे आच्छादन ठेवावे किंवा सावलीत वाढणारी इतर झाडे लावावी. रोपवाटिकांत मिळणाऱ्या आयत्या गालिच्याच्या जाती दिसण्यास सुबक असल्या, तरी मोठ्या अंगणासाठी त्या घेण्यापूर्वी त्यांची उन्हाळ्यातील पाण्याची गरज विचारून घ्यावी.

जमिनीची तयारी व लागण

लागणीपूर्वी वाळूत सेंद्रिय पदार्थ मिसळणे हे सर्वांत महत्त्वाचे काम होय. चांगले कुजलेले शेणखत वा कंपोस्ट संपूर्ण जागेवर अडीच सेंटिमीटर जाडीचे पसरावे. एका गुंठ्यास असे खत सुमारे अडीच घनमीटर लागते. ताजे शेण वापरू नये, कारण त्याबरोबर तणाचे बी येते. नारळाच्या काथ्याचा भुसा मिळत असल्यास तोही चालतो. मात्र सोडणे खाऱ्या पाण्यात कुजवलेली असतील, तर भुसा गोड्या पाण्याने दोन-तीन वेळा धुऊन घ्यावा.

येथे एक चूक वारंवार होते. डोंगरातील तांबड्या मातीची गाडी आणून ती वाळूवर नुसती पसरतात व त्यावर गवत लावतात. असे केल्याने बारीक मातीचा थर वर आणि भरड वाळू खाली अशी स्थिती होते. वरचा थर तुडुंब भिजल्यावाचून पाणी खाली उतरत नाही. पावसाळ्यात मुळे गुदमरतात, आणि खाली न उतरलेली मुळे उन्हाळ्यात तापलेल्या थरातच करपतात. यास्तव तांबडी माती घालायचीच असेल, तर ती थोडी घ्यावी आणि खतासह १५ सेंटिमीटर खोलीपर्यंत कुदळीने वाळूत पूर्णपणे मिसळावी. थर दिसता कामा नये.

पहिला पाऊस स्थिरावल्यावर, जूनच्या उत्तरार्धात, लागण करावी. हरळीच्या आडव्या खोडांचे तीन-चार पेरांचे तुकडे करून ते ८ ते १० सेंटिमीटर अंतरावर खोचावेत. दोन पेरे मातीत व टोक वर राहील असे पाहावे. एक चौरस मीटर दाट हरळी सुमारे दहा चौरस मीटर जागेस पुरते. बेणे घेताना लव्हाळ्याच्या गाठी सोबत येत नाहीत ना, हे डोळ्यांत तेल घालून पाहावे. एकदा आलेला लव्हाळा वरवर उपटून जात नाही. त्याच्या गाठी खणूनच काढाव्या लागतात.

खत थोडे, पण वेळोवेळी

भारी जमिनीत वर्षातून दोनदा खत दिले तरी चालते. वाळूत तीच मात्रा एकदम दिली, तर पुढच्याच पावसात ती मुळांखाली जाते. म्हणून एका वेळी गुंठ्यास अर्धा किलो युरिया, किंवा त्याऐवजी सुमारे एक किलो अमोनियम सल्फेट, याहून अधिक देऊ नये. चुनखडीयुक्त वाळूत अमोनियम सल्फेट अधिक बरे. खत कोरड्या वाळूत मिसळून सारखे फेकावे व लगेच हलके पाणी द्यावे. जुलैच्या मुसळधार पावसात खत मुळीच देऊ नये. ऑगस्टअखेर उघडीप मिळाल्यावर पहिला हप्ता द्यावा, आणि नोव्हेंबरपर्यंत चार-पाच आठवड्यांच्या अंतराने पुढील हप्ते द्यावेत. पालाशही वाळूतून वाहून जाते; त्यासाठी सप्टेंबर व नोव्हेंबरमध्ये गुंठ्यास पाव किलो सल्फेट ऑफ पोटॅश द्यावे. दरवर्षी पावसाळ्याच्या आरंभी चाळलेल्या कंपोस्टचा अर्धा सेंटिमीटर थर गवतावर झाडून पसरला, तर रासायनिक खताची गरज हळूहळू कमी होत जाते.

गवत पिवळे पडले म्हणजे नत्रच कमी, असा समज आहे. तो नेहमी खरा नसतो. जुनी, खालची पाने आधी पिवळी पडली, तर नत्राची उणीव समजावी. नवी पाने पिवळी व त्यांच्या शिरा हिरव्या दिसल्या, तर ती लोहाची उणीव होय. अशा वेळी १० लिटर पाण्यात ५० ग्रॅम हिराकस विरघळवून संध्याकाळी फवारावे. त्याचे डाग फरशीवर व भिंतीवर पडतात, एवढे ध्यानात ठेवावे.

वाळूत वाया गेलेले नत्र नाहीसे होत नाही. त्याचे नायट्रेट होऊन ते खालच्या पाण्यात, म्हणजे घरच्याच विहिरीत उतरते. पिण्याच्या पाण्यात एका लिटरमागे ४५ मिलिग्रॅमपेक्षा अधिक नायट्रेट असू नये, असे भारतीय मानक आहे. या मर्यादेपलीकडचे पाणी तान्ह्या मुलांस विशेष अपायकारक असते. तेव्हा युरियाची जास्तीची मूठ हा केवळ पैशाचा प्रश्न नव्हे.

पाणी आणि विहीर

उन्हाळ्यात हिरवेगार राहण्यासाठी गवतास दररोज ४ ते ५ मिलिमीटर पाणी लागते. एका गुंठ्यास ते ४०० ते ५०० लिटर होते. ग्रामीण पाणीपुरवठ्यासाठी २०१९ साली सुरू झालेल्या जलजीवन मिशनने माणशी दररोज ५५ लिटरांचे प्रमाण धरले आहे. म्हणजे एक गुंठा हिरवळ आठ-नऊ माणसांचे पाणी पिते.

किनाऱ्यावरील विहिरीचे पाणी कोठून येते, हेही समजून घेतले पाहिजे. पावसाचे मुरलेले गोडे पाणी जमिनीखालील खाऱ्या पाण्यावर तरंगत असते. शंभर लिटर गोड्या पाण्याचे वजन १०० किलो, तर तेवढ्याच समुद्राच्या पाण्याचे सुमारे १०२.५ किलो भरते. या फरकामुळे समुद्रपातळीच्या वर गोडे पाणी १ मीटर असेल, तर त्याखाली सुमारे ४० मीटर गोड्या पाण्याचा साठा असतो, असा शास्त्रीय हिशेब आहे. याची दुसरी बाजू अशी की, उपशाने वरची पातळी १ मीटरने कायमची खाली गेली, तर खालचे खारे पाणी ४० मीटर वर सरकू पाहते. शंभर भागांत समुद्राचे दोनच भाग मिसळले, तरी क्लोराइडचे प्रमाण पिण्याच्या पाण्यासाठी ठरलेल्या २५० मिलिग्रॅमच्या मर्यादेपलीकडे जाते. पूर्वीचा रहाट संथपणे वरचे पाणी उचलीत असे आणि मध्ये विहिरीला विसावा मिळे. पंपाला असा धीर नसतो. खारी झालेली विहीर गोडी होण्यास कित्येक पावसाळे लागू शकतात. तोवर घर, गुरे आणि आगर या तिघांनीही काय प्यावे?

म्हणून पाणी पुढीलप्रमाणे द्यावे. गवतावर चालल्यावर पावलांचे ठसे तसेच राहू लागले व पाने आत वळून निळसर दिसू लागली, की पाण्याची वेळ झाली असे समजावे. त्याआधी देऊ नये. पाणी पहाटे द्यावे. अंगणात तीन-चार सरळ काठांची पसरट भांडी ठेवावीत; त्यांत १ सेंटिमीटर पाणी साठले की थांबावे. एवढे पाणी उन्हाळ्यातही दोन दिवस पुरते, आणि अधिक दिलेले मुळांखाली जाते.

विहीर उन्हाळ्यात आटत असेल किंवा मचूळ होत असेल, तर फेब्रुवारीपासून हरळीस झोपू द्यावे. ती तपकिरी दिसेल, पण मेलेली नसेल. दर तीन आठवड्यांनी १ सेंटिमीटर पाणी मिळाले, तरी खालची खोडे जिवंत राहतात व पहिल्या पावसात अंगण पुन्हा हिरवे होते. फेब्रुवारी ते मे या चार महिन्यांत एक गुंठा हिरवा ठेवण्यास सुमारे ६०,००० लिटर पाणी लागते. झोपलेल्या हरळीचे काम ६,००० लिटरांत भागते. हिरवेपणा हवाच असेल, तर घराच्या पायरीपुढे पाच मीटर लांब-रुंद एवढाच तुकडा भिजवावा.

कापणी व इतर निगा

वाळूतील गवत फार खुरटे कापू नये. ४ ते ५ सेंटिमीटर उंची ठेवावी. जितके पान वर, तितके मूळ खोल. एका कापणीत उंचीच्या एक-तृतीयांशापेक्षा जास्त भाग काढू नये. यंत्र नसल्यास धारदार विळ्यानेही काम होते. कापलेले बारीक गवत तेथेच पडू द्यावे. त्यातील नत्र जमिनीस परत मिळते. खाऱ्या वाऱ्याने पाने करपत असल्यास समुद्राच्या बाजूस उंडी वा सुरूची ओळ लावावी, पण तिची सावली हिरवळीवर येणार नाही इतके अंतर ठेवावे. एखादा ठिगळ पिवळा पडून चटईसारखा उचलला जात असेल, तर खाली हुमणी शोधावी व अळ्या वेचून काढाव्यात. विहिरीजवळच्या वाळूत कीटकनाशक ओतणे म्हणजे ते विहिरीत ओतणेच होय.

समुद्राकडील बाजू

हिरवळ वाढवण्यासाठी घरासमोरील वाळूच्या टेकड्या सपाट करू नयेत आणि त्यांवरील मर्यादवेल उपटू नये. ही वेल वाळूस जखडून ठेवते. तिच्या आधारानेच टेकडी लाटांपुढे उभी राहते. सुशोभनासाठी वाळूच्या टेकड्यांत फेरफार करण्यास २०११ च्या किनारा नियमन अधिसूचनेने मनाई केली होती. २०१९ च्या अधिसूचनेतही सक्रिय टेकड्यांना तसेच संरक्षण आहे. जेथे मर्यादवेल आहे, तेथे हिरवळीची गरजच नाही.

गावपातळीवरील कार्यकर्त्यांनी या गोष्टी सांगण्यापेक्षा करून दाखवाव्यात. व्हिनेगरची परीक्षा, भांड्यात पाणी मोजणे आणि मातीचे थर न ठेवता मिश्रण करणे, ही तीन प्रात्यक्षिके एका सकाळी एका अंगणात होऊ शकतात. त्याचबरोबर जानेवारी व मे महिन्यांत विहिरीच्या पाण्याचा नमुना तपासणीसाठी पाठवण्याची सवय प्रत्येक घरास लावावी. मेमधील क्षार जानेवारीपेक्षा दरवर्षी वाढत चालले असतील, तर पुढील वर्षी भिजवलेली हिरवळ निम्मी करावी. तपकिरी अंगण जूनमध्ये हिरवे होते; विहिरीस मात्र तशी खात्री देता येत नाही.